हलू नका

पायातली चप्पल निसटून मागे राहिली तर कुणालाही कळतं. जमीन गार लागते, खडा टोचतो. मला कळलं नाही. दवाखान्यातून घरी येऊन चार दिवस झाले होते. अंगणात तुळशीपर्यंत जाऊन पायरीशी परत आले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, डावी चप्पल तिकडं कशाला ठेवलीस?" वळून पाहिलं तर कट्ट्याजवळ माझी चप्पल एकटीच पडलेली, आणि मी अनवाणी डाव्या पायाने दहा-बारा पावलं चालून आलेले.

तोवर मी स्वतःची समजूत घालत होते की पाय अशक्त झालाय. त्या दिवशी पायरीवर बसून तळव्याच्या वरच्या बाजूला, अंगठ्यापासून नडगीच्या कडेपर्यंत बोट फिरवलं. मोज्यावरून हात फिरवावा तसं वाटलं. मोजा नव्हता.

ऑपरेशन पिशवी काढायचं होतं. वय सेहेचाळीस, गर्भाशयात गाठी, महिन्यातले दहा दिवस रक्तस्राव, हिमोग्लोबिन आठवर. शाळेत फळ्याकडे तोंड करून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खालूनच काढू, पोटावर टाके नकोत, आणि कमरेखालची भूल देऊ. मला बरंच वाटलं. पूर्ण भुलीची मला भीती होती. शुद्ध गेली की परत येईल का, ही जुनी धास्ती. संमतीपत्र रात्री साडेनऊला आलं. सिस्टरने पेन दिलं, "इथे, इथे आणि इथे". ह्यांनी एक सही केली, मी दोन. काय वाचलं असं विचाराल तर तारीख वाचली.

सकाळी ऑपरेशनच्या टेबलावर मला बसवलं, मांडीवर उशी दिली. "मांजर वाकतं तशी पाठ बाहेर काढा," भूल देणारे डॉक्टर म्हणाले. एका मावशींनी पुढून माझे खांदे धरले. पाठीवर गार स्पिरिट, मग चिकट कापड, मग कमरेच्या हाडांवरून डॉक्टरांचा अंगठा फिरत फिरत एका खाचेत थांबला. पहिली सुई हाडाला लागली, ते कळतं. दुखत नाही फारसं, पण आत काहीतरी कुरकुरल्यासारखं होतं. दुसरीही हाडाला लागली. "थोडं अजून वाका, ताई. आणि अजिबात हलू नका."

तिसऱ्या वेळी करंट बसला. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. ओल्या हाताने गिझरच्या बटणाला हात लागावा तसा कमरेतून निघाला आणि डाव्या मांडीच्या बाहेरून, नडगीवरून थेट अंगठ्यात जाऊन थडकला. तोंडातून "आई गं" निघालं असावं, पण उशीत. मावशींनी खांदे आणखी घट्ट धरले. "हलू नका, हलू नका, झालंच." आणि मी हलले नाही. औषध जात असताना तीच रेघ पुन्हा एकदा जळत खाली गेली, या वेळी सावकाश. तेव्हाही गप्पच. पंचवीस वर्षं मी वर्गातल्या मुलांना सांगत आले की न समजलं तर हात वर करा. माझे स्वतःचे दोन्ही हात त्या क्षणी उशीभोवती होते.

मग दोन्ही पाय गरम झाले, जड झाले, आणि नाहीसे झाले. ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही. पाय वर टांगले होते, हिरवा पडदा होता, दीड तासात मला बाहेर आणलं.

ही भूल दोन-चार तासांत उतरते. उजव्या पायाची बोटं चारच्या सुमाराला हलायला लागली. मग उजवा गुडघा, मग डावी मांडी, डावा गुडघा. घोटा मात्र आलाच नाही. रात्री आठला मी सिस्टरला सांगितलं. "उतरेल हो, एकेकीला वेळ लागतो." पहाटे चारला पुन्हा सांगितलं. "झोपा." दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली, लघवी नीट झाली, सगळे खूश झाले. मला धरून चालवलं तेव्हा डावं पाऊल फरशीवर घासत होतं. अशक्तपणा, म्हणाले. राउंडवर आलेला तरुण डॉक्टर तर हसला. "मणक्यातल्या इंजेक्शनचं ना? सगळ्या बायकांचं तेच असतं."

मला त्याचा रागही धड करता येत नव्हता. दुपारी माझी जाऊ डबा घेऊन आली आणि खुर्चीत टेकल्या टेकल्या म्हणाली, "मला विचार. सिझरला मणक्यात सुई घेतली त्याला एकोणीस वर्षं झाली, अजून पावसाळ्यात कंबर धरते." शेजारच्या खाटेवरची बाई लगेच म्हणाली, माझीपण. तिला भेटायला आलेली म्हणाली, माझ्या बहिणीचीपण. आमच्याकडे बाळंतपणानंतर कंबर दुखली की दोष सुईचा. मूल कडेवर घेऊन पाणी भरणं, वाकून केर काढणं, तीन वर्षं धड झोप नसणं, यांची नावं कुणी घेत नाही. ज्यांनी मोजून पाहिलं त्यांना सुई घेतलेल्या आणि न घेतलेल्या बाळंतिणींच्या जुनाट कंबरदुखीत फरक आढळलेला नाही, हे मी पुढे वाचलं. म्हणजे तो पोरगेला डॉक्टर सर्वसाधारणपणे बरोबर होता. पण शंभर जणींनी खोटा लांडगा ओरडून ठेवला होता, आणि मी खराखुरा लांडगा घेऊन त्यांच्याच रांगेत उभी होते. माझी कंबर दुखतच नव्हती. माझं पाऊल उचलत नव्हतं. या दोन तक्रारींत काय फरक आहे हे विचारायला एकही माणूस खाटेशी थांबला नाही.

चौथ्या दिवशी बी-बारा जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून मला घरी सोडलं. 'नस थोडी दबली असेल.'

चपलेच्या प्रकारानंतर हे मला शहरात मेंदूविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. बाई साठीच्या, बोलायला तुटक. पहिला प्रश्न पायाचा नव्हताच. लघवी लागलेली कळते का? थेंब थेंब गळते का? शौचाला? आणि सायकलच्या सीटवर बसल्यावर जो भाग टेकतो तिथं बधिर आहे का? हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मी सगळ्याला ठीक म्हणाले तेव्हा बाईंनी पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकली. मग टाचांवर चालायला सांगितलं. उजवी टाच चालली, डावं पाऊल फटकन खाली पडलं. मग डावा तळवा आतल्या बाजूला वळवून त्यांच्या हाताविरुद्ध रेटायला लावला. तेही जमलं नाही. "हं," म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली.

"किती दिवस झाले?"

"नऊ."

"पहिल्याच संध्याकाळी एमआरआय व्हायला हवा होता." सुईमुळे मणक्याच्या पोकळीत रक्त साकळलं असेल तर ते काही तासांत काढावं लागतं, नाहीतर दोन्ही पाय आणि लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. एक पाय परत आला आणि दुसऱ्याचा घोटा आला नाही, भूल उतरायची वेळ टळून गेली, तर थांबायचं नसतं. हे त्या चिडून बोलल्या, पण माझ्यावर नाही.

एमआरआयमध्ये रक्त नव्हतं, पू नव्हता. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी जराशी फुगलेली होती. हे फोनवर ऐकताच ऑपरेशन झालेल्या दवाखान्यातून उत्तर आलं, "बघा, गादी सरकलेलीच आहे तुमची." चाळिशीपुढच्या धडधाकट माणसांचे फोटो काढले तरी अशा फुगलेल्या गाद्या निघतात, असं तज्ज्ञ बाई म्हणाल्या. माझी गादी ऑपरेशनच्या सोमवारच्या आदल्या रविवारीही तशीच असणार. रविवारी मी स्कूटीवरून बाजार करून आले होते.

त्या फिल्मवर मला पहिल्यांदा पाठीच्या आतलं दिसलं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याखाली नसांची मुळं सुट्या धाग्यांसारखी पाण्यात लोंबत असतात. डॉक्टर त्याला घोड्याची शेपटी म्हणतात, आणि फिल्ममध्ये ती खरंच तशी दिसते. भुलीची सुई या शेपटीत, मज्जारज्जूच्या खाली घालतात ती म्हणूनच. धागे पाण्यात तरंगत असल्यामुळे सुई आली की बहुधा बाजूला सरकतात. कमरेच्या दोन्ही हाडांच्या टोकांना जोडणारी रेघ मनात ओढून बोटाने जागा ठरवतात, आणि चांगल्या अनुभवी बोटाचाही अंदाज एखाद्या मणक्याने चुकू शकतो. सुई धाग्याला नुसती टेकली तरी करंट बसतो. तो काही फार दुर्मीळ नाही. अमेरिकेत १९९७ साली छापलेल्या एका पाहणीत ४,७६७ भुलींपैकी २९८ वेळा रुग्णाला असा करंट जाणवला होता, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना पुढे काहीही झालं नाही. पण करंट बसला की थांबायचं, सुई मागे घ्यायची, आणि औषध ढकलताना जळजळ होत असेल तर ढकलायचंच नाही, असा नियम आहे. तो पाळायचा तर ज्याच्या पाठीत सुई आहे त्याने बोलायला हवं. ही भूल माणसाला जागं ठेवून देतात, त्यात हाही एक फायदा असतो.

नसांची तपासणी लगेच करून उपयोग नव्हता. नस मेली तरी स्नायूंत त्याच्या खुणा उमटायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून तोवर थांबून पुण्याला गेलो. त्या खोलीतली एक गोष्ट मी विसरणार नाही. तंत्रज्ञ मुलगी माझ्या लेकीच्या वयाची होती. नडगीवर, घोट्याजवळ, गुडघ्याच्या बाहेरच्या हाडामागे ती तारा चिकटवायची, आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, आधी म्हणायची, "मॅडम, आता करंट लागेल हं." मग बटण. चाळीसेक वेळा म्हणाली असेल. पंधराव्या-सोळाव्या वेळेला मला रडू आलं. तिला वाटलं दुखलं. ती बिचारी करंट कमी करायला लागली.

तिच्यानंतर डॉक्टर आले. त्यांनी बारीक सुया स्नायूंत घालून यंत्राचा स्पीकर लावला. उजव्या नडगीत सुई घातली तर शांतता. डाव्या नडगीत घातली आणि खोलीभर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज सुरू झाला. मी पाटण खोऱ्यातली, पत्र्याच्या घरात वाढलेली. त्या आवाजात मला लहानपणी झोप यायची. "हा चांगला आवाज नाही," डॉक्टर म्हणाले. नसेपासून तुटलेले स्नायूंचे तंतू आपापले फडफडतात, त्याचा हा पाऊस. पोटरीच्या आतल्या बाजूच्या स्नायूत पाऊस, कमरेजवळ पाठीच्या स्नायूत पाऊस.

पाठीतला तो पाऊस महत्त्वाचा होता. ऑपरेशनला पाय टांगलेले असताना गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाशी नस दाबली गेली तरीही पाऊल असंच पडतं. दवाखान्याने पुढे तसं म्हटलं असतं, आणि त्यात तथ्यही असू शकलं असतं. पण ती नस पाठीत जात नाही, आणि पाऊल आत वळवणाऱ्या स्नायूलाही जात नाही. तज्ज्ञ बाईंनी दोनदा रेघ कशाखाली ओढली होती ते तेव्हा कळलं. दुसरी खूण याहून विचित्र होती. पावलावरची कातडी बधिर, पण तिथल्या संवेदनेच्या नसेचा आलेख मात्र शाळेतल्या हुशार मुलीच्या वहीसारखा स्वच्छ. त्या नसेचं पोषण जिथून होतं ती गाठ मणक्यातून बाहेर पडण्याच्या वाटेवर असते. इजा गाठीच्या आतल्या बाजूला असली तर पायातली नस जिवंत राहते, फक्त तिचा निरोप वर पोचत नाही. म्हणजे इजा आत, पाण्यात लोंबणाऱ्या धाग्याला. कमरेचं पाचवं मूळ, डावं.

"मग सुईनेच झालं ना?" ह्यांनी विचारलं.

"मी पाचवं मूळ एवढंच लिहीन," डॉक्टर म्हणाले. "कशाने झालं ते यंत्र सांगत नाही. करंट कधी बसला ते यांना माहीत आहे."

आणि ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. फाइलची प्रत मी रीतसर अर्ज करून मागितली. कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असा वैद्यक परिषदेचा २००२ सालचा नियम आहे. मला सहाव्या दिवशी मिळाले, तेही दीर वकील आहेत म्हणून. भुलीच्या कागदावर सुईचा आकार होता, औषधाचं माप होतं, दर पाच मिनिटांचा रक्तदाब सुबक टिंबांनी काढला होता. सुई किती वेळा घातली, त्याचा उल्लेख नव्हता. करंटचा नव्हता. रात्री आठचा आणि पहाटे चारचा माझा घोटा नर्सिंगच्या नोंदीत 'रुग्ण स्थिर' या दोन शब्दांत मावला होता.

दिरांनी मला एक जुना इंग्लंडचा खटला सांगितला. १९४७ साली चेस्टरफील्डला एकाच दिवशी दोन मजुरांना पाठीतली भूल दिली आणि दोघांचेही पाय कायमचे गेले. भुलीच्या औषधाच्या काचेच्या नळ्यांना न दिसणारे तडे होते आणि त्यातून बाहेरचं जंतुनाशक आतल्या औषधात झिरपलं, असं कोर्टात ठरलं. तसे तडे जाऊ शकतात हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, म्हणून १९५४ साली दोघे अपिलातही हरले. १९४७च्या अपघाताकडे १९५४च्या चष्म्यातून बघता येत नाही, असं न्यायमूर्ती डेनिंग म्हणाले. पुढे काही डॉक्टरांनी लिहिलं की तडे वगैरे नव्हतेच, सुया उकळायच्या भांड्यातलं आम्ल धुवायचं राहिलं असावं. "बघा वहिनी," दीर म्हणाले, "कारण शोधायला यांना चाळीस वर्षं लागली. ग्राहक मंचात जायला आपल्याकडे दोन आहेत." मी गेले नाही. थोर मनाने नव्हे. मला सुट्ट्या उरल्या नव्हत्या.

त्या दिवसांत रात्री झोप नसायची. बधिर भाग दिवसा गप्प आणि रात्री पेटायचा. पांघरुणाचं टोकसुद्धा लागू देत नव्हते. त्यावर दिलेल्या गोळ्यांनी जळजळ कमी झाली, पण डोकं कापसासारखं झालं. नववीच्या वर्गात ओहमचा नियम सांगताना ओहम हेच नाव आठवेना, आणि मुलं इतकी सभ्य की एकानेही सांगितलं नाही. जागरणात मी लेकीच्या फोनवर वाचत बसायचे. इंग्लंडातल्या भूलतज्ज्ञांनी देशभरातल्या सात लाखांवर अशा सुयांचा वर्षभर हिशोब ठेवला होता, तो २००९ साली छापला. कायमची इजा लाखात दोन ते चार. एवढं दुर्मीळ असणं मला तरी सुखाचं वाटलं नाही. लॉटरीत माझा नंबर कधी लागला नव्हता.

गणिताचा एक उद्योग मात्र केला. तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, असं तज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या. शिवणाची टेप काढली, कमरेपासून नडगीच्या स्नायूपर्यंत मापलं, पंचाहत्तर सेंटिमीटर. साडेसातशे दिवस. हे म्हणाले, हिशोब कर पण भिंतीवर लिहू नकोस. प्रत्यक्षात हिशोब चुकला, आणि चांगल्या बाजूने चुकला. मुळातले सगळे तंतू मेले नव्हते. वाचलेले तंतू शेजारच्या बेवारस स्नायूंमध्ये फांद्या टाकतात. सातव्या महिन्यात फिजिओथेरपीच्या टेबलावर डावं पाऊल गुरुत्वाकर्षणाविरुद्ध दोन बोटं उचललं गेलं. आमचा फिजिओ शून्य ते पाच गुण देतो. सुरुवातीला एक होता, नुसती थरथर. त्या दिवशी त्याने तीन दिले. इतक्या कमी गुणांवर मी आयुष्यात कधी पेढे वाटले नाहीत.

त्याआधीचे सात महिने पट्ट्याचे. तळव्याखालून पोटरीपर्यंत जाणारा प्लॅस्टिकचा साचा, तो घालून वर बूट. साडीवर पांढरे बूट घालून शाळेत जाणाऱ्या बाई तालुक्यात मी एकटी. पट्टा नसेल तर गुडघा उंच उचलून पाऊल टाकावं लागतं, पाण्यातून चालल्यासारखं. सातवीतली दोन पोरं व्हरांड्यात माझी चाल करून दाखवत होती. मी मागे उभी होते. चाल हुबेहूब होती, पण त्यांनी उजवा पाय घेतला होता. मी दुरुस्त केलं. स्कूटी विकली. थांबताना मी डावा पाय टेकायचे, आणि तो टेकला आहे की नाही हे मला खाली बघून ठरवावं लागत होतं.

भूल दिलेले डॉक्टर मला एकदाच भेटले. मीच गेले होते, अकराव्या महिन्यात. त्यांनी मला ओळखलं, हे मला अनपेक्षित होतं. मी करंटचं सांगितलं. ते बराच वेळ पेनचं टोपण काढघाल करत बसले. मग म्हणाले, "तुम्ही तेव्हा बोलला असतात तर मी सुई मागे घेतली असती."

"तुम्ही हलू नका म्हणालात."

"हलू नका म्हणालो. बोलू नका नाही म्हणालो."

यावर काय बोलावं ते मला आजही सुचलेलं नाही. मग त्यांनी बूट काढायला सांगितला, खाली गुडघ्यांवर बसले, आणि माझं पाऊल हातात घेऊन वर रेटायला लावलं. "चार आहे," म्हणाले. फिजिओने साडेतीन दिले होते.

आता एकोणीस महिने झाले. पट्टा फक्त लांब चालायचं असेल तेव्हा. अंगठा अजून आळशी आहे, आणि मागे पट्टी नसलेली चप्पल मी घालत नाही. नडगीची बाजू बधिर आहे ती आहेच.

गेल्या महिन्यात जाऊबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, आणि भूल कमरेखालची. आदल्या रात्री तिचा फोन. "काय करू गं? घेऊ का नको सुई?" सगळ्या नातेवाइकांना वाटत होतं मी नको म्हणणार. मी म्हटलं, घे. तुझं वजन, तुझा दमा, तुला हीच बरी. फक्त आधी डॉक्टरांना विचार, करंट बसला तर काय करू. आणि पायात करंट बसला की मोठ्याने सांग. अंग हलवू नकोस, तोंड हलव.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तर दोन्ही पावलं हलवून दाखवत, मजेत चहा पीत बसली होती. तिचा नवरा तोंड फिरवून हसत होता. टेबलावर बसवून पाठीला गार स्पिरिट लावलं मात्र, बाई 'करंट!' म्हणून एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या थिएटरमधून माणूस बघायला आला. भूल देणारी मुलगी नवीन होती. ती म्हणाली, "मावशी, अजून सुई उघडलीसुद्धा नाही. पण असंच सांगा हं."